ओएचपी शीटवरच्या काळ्या पट्ट्या आणि कागदावर फिरणारे चाक

खिडकीच्या गजांआडून रस्त्यावरची सायकल जाताना पाहिली, तर कोणत्याही क्षणी तिचा काही भाग गजांमागे झाकलेला असतो. तरीही ती आपल्याला तुकड्यातुकड्यांत दिसत नाही, कारण झाकलेला भाग मेंदू स्वतःच भरून काढतो. गजांच्या किंवा उभ्या फटींच्या आडून पाहताना चाकाचे आरे वाकलेले का भासतात, यावर ब्रिटिश डॉक्टर पीटर मार्क रोजे यांचा निबंध १८२५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला होता. पारदर्शक प्लास्टिकच्या शीटवर (ओएचपी शीटवर) काळ्या पट्ट्या छापून कागदावरचे स्थिर चित्र हलते करण्याची युक्ती याच सवयीवर चालते. ती घरी करता येते आणि खर्चही फारसा येत नाही; मात्र चित्रकला बेताची असली तरी चालते, मापे बेताची असून चालत नाहीत.

तत्त्व सोपे आहे. एखाद्या हालचालीच्या पाच स्थिती काढायच्या, प्रत्येक चित्राचे अरुंद उभे काप करायचे आणि पहिल्याचा एक काप, दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा एक अशा क्रमाने ते एकाच कागदावर शेजारीशेजारी बसवायचे. शीटवर एका कापाएवढी पारदर्शक फट आणि चार कापांएवढी काळी पट्टी असा क्रम छापलेला असतो, त्यामुळे एका वेळी एकाच स्थितीचे काप दिसतात. शीट एका कापाने सरकवली की दुसरी स्थिती दिसते आणि पाच काप सरकली की पुन्हा पहिली येते. या पाच कापांच्या मापाला पुढे ‘आवर्तन’ म्हटले आहे. स्थिती जितक्या वाढवाव्यात तितकी हालचाल सफाईदार होते, पण चित्र तितकेच काळवंडते. पाच स्थितींत कागदाचा फक्त पाचवा भाग उघडा असतो. माझ्या मते पहिल्या प्रयत्नासाठी पाच ही संख्या योग्य आहे.

चित्र म्हणून आठ आऱ्यांचे चाक घ्यावे. त्याचे कारण असे, की आठ आऱ्यांचे चाक ४५ अंश फिरले की पूर्वीसारखेच दिसते. म्हणून पाच स्थितींत प्रत्येक वेळी केवळ ९ अंश फिरवले तरी पाचव्या स्थितीनंतर पहिली स्थिती सांधा न जाणवता येते. धावणारा घोडा किंवा चालणारा माणूस काढताना हा सांधा जुळवणे बरेच कठीण जाते. आरे जाड, निदान ५ मिलिमीटरचे ठेवावेत. आवर्तनापेक्षा बारीक उभी रेघ अख्खीच्या अख्खी काळ्या पट्टीखाली जाऊ शकते आणि मग एखादा आरा मधूनच नाहीसा होतो. छटा टाळून सरळ काळी आकृती काढावी.

संगणकावर जिम्पसारख्या चित्रे संपादित करण्याच्या मोफत प्रणालीत हे काम तासाभरात होते. चित्र ३०० पीपीआयचे (एका इंचात ३०० पिक्सेल), १२०० पिक्सेल लांबी-रुंदीचे घ्यावे. छापल्यावर ते १० सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठे भरते. पाच स्थिती पाच वेगवेगळ्या लेयरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या थरांवर, ठेवाव्यात आणि प्रत्येक लेयरला पारदर्शकता नोंदवणारा अल्फा चॅनल जोडावा, नाहीतर पुसलेला भाग पारदर्शक न होता मागच्या रंगाने भरला जातो. सर्वांच्या वर पट्ट्यांचा लेयर तयार करावा: २४ पिक्सेल काळे, ६ पिक्सेल मोकळे, पुन्हा २४ काळे, आणि असे १८०० पिक्सेलपर्यंत; शीटवर याच पट्ट्या छापायच्या असतात, म्हणून त्या चित्रापेक्षा लांब. फट ०.५१ मिलिमीटरची आणि आवर्तन २.५४ मिलिमीटरचे होते. आता रंगानुसार निवड करणाऱ्या साधनाने फक्त काळा भाग निवडावा, कडा मऊ करणारे पर्याय बंद ठेवावेत आणि पहिल्या स्थितीच्या लेयरवर जाऊन तेवढा भाग पुसावा. त्यानंतर पट्ट्यांचा लेयर बरोबर ६ पिक्सेल उजवीकडे सरकवून दुसऱ्या स्थितीचे तेच करावे, आणि याप्रमाणे पाचव्यापर्यंत जावे. शेवटी पट्ट्या लपवून पाचही लेयर एकत्र दाखवले, की अंगावर शहारे आल्यासारखे दिसणारे एक चाक समोर येते. ते बिघडलेले वाटले तरी काळजी करू नये.

ज्यांना संगणक नको असेल त्यांनी तीनच स्थिती घेऊन आलेखाच्या कागदावर ट्रेसिंग पेपर ठेवून २ मिलिमीटरचे उभे रकाने आखावेत, त्यांना १, २, ३ असे क्रमांक द्यावेत आणि खिडकीच्या काचेवर मूळ चित्र खाली धरून त्या त्या क्रमांकाच्या रकान्यांतच शाई भरावी. शीटवर २ मिलिमीटरची फट आणि ४ मिलिमीटरची पट्टी मार्करने काढता येते. परिणाम ओबडधोबड येतो, पण युक्ती कशी चालते हे मुलांना या पद्धतीत अधिक नीट कळते.

शीट घेताना ती कोणत्या प्रिंटरसाठी आहे हे विचारून घ्यावे. लेझर प्रिंटर आणि झेरॉक्स मशीनसाठीची ओएचपी शीट उष्णता सोसणारी असते; इंकजेटसाठीच्या शीटला एका बाजूने खरखरीत लेप असतो आणि छपाई त्याच बाजूवर करावी लागते. प्रोजेक्ट फाइलचे साधे प्लास्टिकचे कव्हर लेझर प्रिंटरमध्ये कधीही घालू नये, कारण आतल्या तापलेल्या रोलरला ते वितळून चिकटते आणि प्रिंटर कायमचा बिघडू शकतो.

खरी गोची छपाईत होते. माझे पहिले चाक मी घरी कागदावर छापले आणि शीट कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून आणली. शीट ठेवून सरकवली, तर चाकाची डावी बाजू पुढे गेलेली आणि उजवी मागे राहिलेली; चाक फिरण्याऐवजी वितळल्यासारखे वळवळत होते. दुकानातल्या संगणकावर ‘फिट टू पेज’ चालू असल्याने पट्ट्या सुमारे ४ टक्क्यांनी आकसल्या होत्या. ४ टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण तेवढ्या फरकाने दर ६१ मिलिमीटरवर फट एक अख्खे आवर्तन चुकते, म्हणजे एकाच चाकात पाचही स्थिती एकदमच दिसू लागतात. म्हणून कागद आणि शीट दोन्ही एकाच प्रिंटरवर, एकाच दिशेने आणि ‘ॲक्च्युअल साइज’ म्हणजे १०० टक्के मापाने छापावेत. दोन्ही पानांच्या कोपऱ्यात १० सेंटिमीटरची रेघ ठेवून ती स्टीलच्या पट्टीने मोजावी. फाइल दुकानात व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर फोटो म्हणून न पाठवता पीडीएफ करून डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, अन्यथा ६ पिक्सेलची फट वाटेतच धूसर होते. टोनर वाचवण्याचा पर्यायही बंद असावा. करड्या पट्ट्यांतून सगळ्याच स्थिती डोकावतात.

चित्र बसवण्याआधी एक तपासणी अवश्य करावी. शीटवरच्याच पट्ट्या साध्या कागदावरही छापाव्यात आणि त्यावर शीट ठेवावी. मापे जुळत असतील तर सगळा भाग एकसारखा दिसतो, सरकवल्यावर सगळाच एकदम काळा होतो. जुळत नसतील तर उजेड-अंधाराचे रुंद पट्टे उमटतात. यांना मॉयरे म्हणतात, आणि जाळीदार दोन पडदे एकावर एक आले की दिसणाऱ्या लाटा त्याच. हे पट्टे आपल्या रेघांना समांतर असतील तर माप चुकले आहे, आडवे असतील तर शीट तिरकी ठेवली गेली आहे. आवर्तनाला मॉयरेच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराने भागले की मापाचा फरक मिळतो: २.५४ भागिले ६१ म्हणजे ४ टक्के. तिरकेपणाचेही तसेच आहे. एका अंशाच्या कलाने साधारण साडेचौदा सेंटिमीटरवर पट्टे दिसतात. डोळ्याला न दिसणारी चूक इतकी मोठी करून दाखवणारे दुसरे साधन घरात सापडणार नाही. अतिशय बारीक रेघांच्या जाळ्या तपासण्यासाठी मॉयरे वापरता येईल हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांनी १८७४ सालीच सुचवले होते.

तपासणीत शीट उतरली, की चित्र कार्डशीटवर चिकटवावे. गोंदाने कागद ओलसर होऊन फुगतो, त्यामुळे कडेने दुहेरी टेप लावणे बरे. चित्राच्या वर आणि खाली कार्डशीटच्या दोन अरुंद पट्ट्या समांतर चिकटवून शीटसाठी रूळ करावेत. हाताने नुसती सरकवलेली शीट तिरकी होतेच. रुळांवर आणखी एकेक पट्टी किंचित आत घेऊन चिकटवली की शीट वर उचलली जात नाही. शीटची छापील बाजू खाली, कागदाला टेकलेली असावी. वर ठेवल्यास मधल्या प्लास्टिकच्या जाडीमुळे बाजूने पाहणाऱ्याला शेजारची स्थिती दिसते. टोनर खरवडला जाऊ नये म्हणून कागद गुळगुळीत घ्यावा.

शीट सावकाश, सेकंदाला सुमारे एक सेंटिमीटर या वेगाने उजवीकडे ओढावी. पाच सेंटिमीटर ओढताना वीस आवर्तने होतात आणि चाकाचे अडीच फेरे भरतात. डावीकडे ढकलली की ते उलटे फिरते. ओढण्याला झटका बसत असेल तर रूळ फार घट्ट झाले आहेत, त्यांना अर्धा मिलिमीटर सैल करावे. पुढच्या चित्रासाठी नवी शीट लागत नाही. पाच स्थिती आणि ६ पिक्सेलचा काप हे माप कायम ठेवून काढलेल्या कोणत्याही चित्रावर हीच शीट चालते, मग ती पवनचक्की असो की पाण्यात शेपटी हलवणारा मासा.