सिमलिंक नक्की कुठल्या फाइलकडे जाते ते टर्मिनलवरून कसं शोधायचं

लिनक्सवर एखादी फाइल सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे किंवा फोल्डरकडे बोट दाखवणारी फाइल, आहे अशी शंका आली की आधी एलएस मायनस एल आणि पुढे फाइलचं नाव टाइप करा. ओळीच्या सुरुवातीलाच एल दिसला तर ती लिंक, आणि शेवटी बाणापुढे लिहिलेलं ते तिचं टार्गेट. नुसतं टार्गेट हवं असेल तर रीडलिंक आणि फाइलचं नाव, बास.

पण साधं रीडलिंक एकच पायरी दाखवतं, पुढची फाइलसुद्धा लिंकच असू शकते. आणि टार्गेटच्या सुरुवातीला स्लॅश नसेल तर तो पाथ (फाइलचा पत्ता) रिलेटिव्ह आहे, तो तुम्ही आत्ता ज्या फोल्डरमध्ये आहात तिथून नाही तर लिंक ज्या फोल्डरमध्ये ठेवलीय तिथून मोजायचा, हे एकदा डोक्यात पक्कं बसवाच, कारण लिंक दुसरीकडे हलवली की तुटते ती बहुतेक वेळा यामुळेच.

आता शेवटपर्यंत जायचं, तर रीडलिंक मायनस एफ किंवा रिअलपाथ वापरा, दोन्ही मधल्या सगळ्या लिंका सोडवून पूर्ण पाथ देतात. नावात स्पेस असेल तर नाव अवतरणचिन्हात घाला. मॅकओएसवर 12.3 च्या आधी रीडलिंकला मायनस एफ नव्हतं, त्यामुळे जुन्या मॅकवर स्क्रिप्ट अडली तर आधी हेच तपासा.

एक सांगतो, मायनस एफने पाथ छापला म्हणजे फाइल आहेच असं अजिबात नाही, पाथमधलं शेवटचं नाव अस्तित्वात नसलं तरी तो छापतो. खात्री हवी तर लिनक्सवर रीडलिंकला मायनस ई द्या, काही गायब असेल तर आउटपुट रिकामं येतं. स्क्रिप्टमध्ये मी तरी हेच वापरा म्हणेन.

लिंक केलेल्या फोल्डरमध्ये सीडी करून गेलात तर पीडब्ल्यूडी, म्हणजे आत्ताचं फोल्डर सांगणारी कमांड, लिंकचाच पाथ दाखवतं, खरी जागा पीडब्ल्यूडी मायनस पी ने कळते, आणि म्हणूनच तिथे एक फोल्डर वर जायला सीडी डॉट डॉट केल्यावर एका फोल्डरमध्ये जाता पण एलएस डॉट डॉट भलत्याच फोल्डरची यादी दाखवतं.

लिंका एकमेकींकडेच फिरत असतील तर लिनक्स 40 लिंकांनंतर थांबतो आणि एरर देतो, अशा वेळी नेमआय आणि फाइलचा पाथ टाका, पाथचा एकेक तुकडा वेगळ्या ओळीवर दिसतो, मायनस एल जोडलं तर परमिशनसुद्धा. फोल्डरमधल्या तुटलेल्या लिंका हव्या असतील तर फाइंड, डॉट, मायनस एक्सटाइप, एल. यादी नीट वाचा, मगच डिलीट करा.