अ‍ॅल्युमिनिअम-तांब्याचा फ्रिक्शन स्टिर जोड बेंड टेस्टला तुटत असेल तर

5 मिमी जाडीची शुद्ध अ‍ॅल्युमिनिअमची आणि तांब्याची पट्टी, बट जोड, म्हणजे कडेला कड लावलेली. पद्धत फ्रिक्शन स्टिर: फिरतं टूल जोडात दाबून, धातू न वितळवता ढवळून जोडायचे. वरून शिवण झकास दिसायची, पण बेंड टेस्टला तांब्याच्या कडेने काडकन तुटायची. तुटलेला भाग करडा आणि ठिसूळ.

आरपीएम (टूलचे मिनिटाला फेरे) वाढवून पाहिला, फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) कमी केला. उष्णता वाढली आणि दोन धातूंमधला ठिसूळ संयुगांचा थर आणखी जाड झाला. डोकं उठलं होतं.

शेवटी जमलं ते असं. दोन्ही कडा स्टीलच्या ब्रशने घासून अ‍ॅसिटोनने पुसल्या आणि लगेच क्लॅम्प केल्या, कारण अ‍ॅल्युमिनिअमवर ऑक्साइड चढायला वेळ लागत नाही. मग तांबं अ‍ॅडव्हान्सिंग बाजूला घेतलं, म्हणजे जिथे टूलचं फिरणं आणि पुढे सरकणं एकाच दिशेने होतं तिथे. टूल वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर टूल सरकतं त्या दिशेला तोंड केल्यावर ही बाजू डावीकडे येते. सगळी मेख पुढच्या पायरीत आहे: टूलचा मध्य जोडरेषेवर न ठेवता 2 मिमी अ‍ॅल्युमिनिअमकडे सरकवला. टूलच्या टोकाची 6 मिमी व्यासाची पिन मग तांब्याला जेमतेम 1 मिमी खरवडते, मऊ अ‍ॅल्युमिनिअमच ढवळलं जातं. टूल सुमारे 2 अंश मागे कललेलं, 600 आरपीएम, फीड मिनिटाला 100 मिमी. पिन खाली उतरवल्यावर काही सेकंद तिथेच फिरू दिली, मगच फीड चालू केला.

पट्टी आता न तडकता वाकते. जाडी बदलली तर आकडे बदलतील. आधी ऑफसेट (टूल जोडरेषेपासून सरकवलेलं अंतर) अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने हलवून पाहा, आरपीएमला नंतर हात लावा.