एल्डन रिंगमधला फायर जायंट : या चुका टाळा

माउंटनटॉप्स ऑफ द जायंट्सच्या बर्फात उभा असलेला फायर जायंट हा एल्डन रिंग या व्हिडिओ गेममधला असा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, आहे, ज्याला वळसा घालून पुढे जाताच येत नाही. त्याची हेल्थ 42 हजारांच्या वर आहे. त्यामुळे बरेच जण तो कठीण आहे म्हणून नाही, तर लढाई लांबत गेली की धीर सुटतो म्हणून हरतात. आणि लढाई लांबते ती बहुतेक वेळा आपल्याच चुकांमुळे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लांब पळणं. एवढा अवाढव्य राक्षस, हातात ती भलीमोठी थाळी, त्यात आग. साहजिकच पहिला विचार येतो तो अंतर राखायचा. पण पहिल्या फेजमध्ये, म्हणजे लढाईच्या पहिल्या टप्प्यात, त्याचे सर्वांत त्रासदायक हल्ले लांबच्यांसाठीच आहेत. थाळी बर्फात खुपसून तो बर्फाची लाटच्या लाट तुमच्यावर ढकलतो, आगीचे गोळे फेकतो, आणि तुम्ही मैदानभर धावत राहता. तेवढा वेळ त्याची हेल्थ तशीच्या तशी. पायाशी चिकटून राहिलात तर यातलं बरंचसं तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

पाय कोणता, हेही महत्त्वाचं. त्याचा डावा पाय आधीच जखमी आहे, घोट्याला आधार बांधलेला दिसतो. तिथे केलेला वार जास्त लागतो. तो तुमच्याकडे तोंड करून उभा असेल, तर हा पाय तुमच्या उजव्या हाताला येतो. घाईत अनेकजण दुसऱ्याच पायावर तलवार चालवत बसतात आणि डॅमेज कमी का पडतंय, असा प्रश्न विचारतात.

कॅमेरा आकाशाकडे जाऊन काही दिसेनासं होत असेल, तर लॉक-ऑन (कॅमेरा शत्रूवर खिळवून ठेवणं) सोडा. या लढाईत लॉक-ऑनचा हट्ट धरणं म्हणजे निम्मी लढत आंधळेपणाने खेळणं. मोकळा कॅमेरा ठेवून पाय आणि थाळी दोन्ही नजरेत राहतील असं बघा. थाळी वर गेली की टॉरेंटला, म्हणजे तुमच्या घोड्याला, बाजूला काढा, खाली आदळली की पुन्हा आत शिरा.

टॉरेंटच्या बाबतीतही एक गडबड होते. त्याची स्वतःची हेल्थ असते, हे लोक विसरतात. आगीत सापडून तो मेला की तुम्ही जमिनीवर आडवे पडता आणि उठेपर्यंत पुढचा फटका बसतो. त्याला पुन्हा बोलवायचं तर हेल्थ भरून काढणाऱ्या लाल फ्लास्कचा एक घोट खर्ची पडतो. म्हणून त्याची हेल्थ भरायला अधूनमधून रोवा रेझिन (मनुका) देत राहा. आणि दुसऱ्या खेळाडूला मदतीला बोलावलं असेल, तर टॉरेंट मिळतच नाही. को-ऑपमध्ये, म्हणजे सोबतीने खेळताना, ही लढाई पायी लढावी लागते. मैदान एवढं प्रशस्त आहे की निर्णय घेण्याआधी याचा नीट विचार करा. माझ्या मते इथे एकट्याने घोड्यावरून लढणं सोपं पडतं.

आता शस्त्रांकडे. आगीचं शस्त्र किंवा आगीची इन्कँटेशन (मंत्र) घेऊन जाणं ही चूक सांगायला नको असं वाटतं, पण तीच सर्रास होते, कारण तोवर आगीच्या बिल्डने सगळं तोललेलं असतं. इथे आगीचं डॅमेज अगदीच फिकं पडतं. मिमिक टिअर (तुमची हुबेहूब नक्कल करणारा मदतनीस आत्मा) वापरत असाल तर तोही तुमचंच शस्त्र उचलतो, म्हणजे चूक दुप्पट. शिवाय फ्रॉस्टबाइट (हिमबाधा) लागल्यावर शत्रूला 20 टक्के जास्त इजा होते, पण त्याच्यावर आगीचा वार पडला की हा परिणाम उतरतो. रक्तस्राव आणि स्कार्लेट रॉट (हळूहळू हेल्थ खाणारी सड) दोन्ही त्याला लागू पडतात. ही सड लावणारा रॉटन ब्रेथ हा मंत्र असेल तर सुरुवातीलाच वापरा आणि रॉटला त्याचं काम करू द्या. झोप आणणारी शस्त्रं मात्र आणू नका, त्यांचा काही उपयोग नाही.

फिजिकमध्ये (टिअर मिसळून प्यायच्या खास फ्लास्कमध्ये) फ्लेम-श्राउडिंग क्रॅक्ड टिअर घालून आगीपासून संरक्षण मिळेल अशी समजूत करून घेऊ नका. ते तुमच्या आगीच्या हल्ल्याची ताकद वाढवतं. बचावासाठी फ्लेमड्रेक टॅलिस्मन आहे, ‘फ्लेम, प्रोटेक्ट मी’ हा मंत्र आहे. व्हिगर (तुमची हेल्थ ठरवणारा गुण) 40 च्या खाली असेल, तर मी आधी तो वाढवेन. बाकी सगळे उपाय त्यानंतर.

अर्ध्याच्या आसपास हेल्थ उरली की दुसरी फेज सुरू होते, आणि इथे पहिल्या फेजची सवय घात करते. तो स्वतःचा डावा पाय उपटून अर्पण करतो, छातीवर एक डोळा उघडतो. राणी मारिकाच्या शापामुळे युगानुयुगं जायंट्सची भट्टी (फोर्ज) राखत बसलेला आपल्या वंशातला हा शेवटचा जीव आहे, हे माहीत असेल तर तो क्षण पाहताना खरंच गलबलून येतं. पण खेळाच्या दृष्टीने मुद्दा असा, की तुमचं लक्ष्यच आता नाहीसं झालेलं असतं. तो हातांवर रेटा देत सरपटतो, अचानक लोळण घेऊन दूर जातो. त्याच्यासमोर उभं राहू नका, आगीचे सगळे लोट तिथेच येतात. मागच्या बाजूने उरलेल्या पायाला गाठा, किंवा जमिनीवर टेकलेल्या हातांना. लोळून गेला की लगेच टॉरेंटवरून पाठलाग करा. तुमच्या स्पिरिट अ‍ॅशेस (मदतीला बोलावलेले आत्मे) तेवढ्या वेगाने पोचत नाहीत, त्यामुळे त्या लक्ष वेधून घेतील या भरवशावर राहू नका. अपवाद करायचाच तर ब्लॅक नाइफ टिशीचा, कारण तिचा वार शत्रूच्या एकूण हेल्थच्या प्रमाणात लागतो आणि इथे ती हेल्थ प्रचंड आहे.

अलेक्झांडर या मडक्याच्या रूपातल्या योद्ध्याची साइड क्वेस्ट (उपकथा) अर्धवट सोडली असेल, तर आधी ती पुढे न्या. राडान या बॉसच्या लढाईनंतर लिउर्निया भागात खड्ड्यात अडकलेल्या त्याला सोडवून माउंट गेल्मिरच्या लाव्हापर्यंत त्याची गाठ घेतली असेल, तर इथे त्याला मदतीला बोलावता येतं.

जिंकलात की 1,80,000 रुन्स (खेळातलं चलन) आणि रिमेम्ब्रन्स (बॉसची आठवण म्हणून मिळणारी वस्तू) मिळतं. रिमेम्ब्रन्स तसंच खर्चून टाकू नका, त्यातून जायंट्स रेड ब्रेड हा चाबूक किंवा ‘बर्न, ओ फ्लेम’ हा मंत्र मिळवता येतो. पुढे फोर्जवर तुमची सोबतीण मेलिना हिच्याशी बोलून एर्डट्री हा महावृक्ष पेटवला की कथा फारुम अझुला या भागाकडे वळते. तिथे मॅलिकेथ हा बॉस पडला की लेंडेल या राजधानीची राख होते आणि शहराचा जुना भाग पुन्हा पाहता येत नाही, म्हणून लेंडेलमधली राहिलेली कामं आणि वस्तू मॅलिकेथला हात लावण्याआधीच उरकून घ्या.