लेव्हल शेवटपर्यंत न्यायची का? आधी हे तपासा

माझा कोथरूडचा मावसभाऊ व्हिडिओ गेममध्ये शेवटच्या बॉससमोर, म्हणजे सर्वांत तगड्या शत्रूसमोर, अडकला की विचारतो, "दादा, आधी शंभर लेव्हल करू का?" लेव्हल म्हणजे लढून वाढत जाणारा आपल्या पात्राच्या ताकदीचा आकडा. मी त्याला पहिल्यांदा हेच बघायला लावतो: आपल्याबरोबर शत्रूही वाढतात का?

१९९९च्या 'फायनल फँटसी ८'मध्ये वाढतात. तिथे राक्षस मारत बसलात तर तेही तगडे होतात. खरी ताकद जंक्शनला, म्हणजे पात्राच्या ताकद-जीव अशा गुणांना जोडलेल्या जादूत असते. म्हणून मारामाऱ्या टाळा, गेममधलाच पत्त्यांचा खेळ जिंका, पत्त्यांपासून वस्तू आणि वस्तूंपासून जादू करून घ्या. हे मला फार आवडतं, कारण इथे डोकं चालवल्याचं फळ लगेच मिळतं.

'पोकेमॉन रेड'मध्ये लेव्हलची मर्यादा १००, पण चॅम्पियनचा, म्हणजे शेवटच्या प्रतिस्पर्ध्याचा, सर्वांत वरचा पोकेमॉन (लढणारा प्राणी) ६५चा. आग, पाणी असे पोकेमॉनचे प्रकार समोरच्याला भारी पडतील असे निवडले तर पंचावन्नच्या आसपासची टीम पुरते.

'डिसगाया' या गेमचं गणित वेगळं. मर्यादा ९९९९, आणि कथा त्याच्या कितीतरी आधी संपते. तिथे आकडे वाढवणं हाच खेळ आहे, मनसोक्त वाढवा.

कळत नसेल तर सेव्ह करून बॉसशी एकदा लढा. पूर्ण जीव असताना एकाच फटक्यात मेलात, तर तीन-चार लेव्हल वाढवा. हळूहळू हरलात, तर चिलखत आणि डावपेच बदला. आणि सेव्ह करायला विसरू नका; आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते.