लॅम्पची अभिक्रिया पुन्हा लावण्यापूर्वी करावयाची तयारी

लॅम्पची, म्हणजे एकाच तापमानाला डीएनएच्या असंख्य प्रती बनवणाऱ्या पद्धतीची, अभिक्रिया बिघडली की ती तशीच पुन्हा लावून पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि बिघाड नेमका कोणता आहे हे आधी वहीत लिहून काढावे, कारण काहीच वाढ (डीएनएच्या प्रती) न होणे आणि टेम्प्लेट (ज्याच्या प्रती करायच्या ते डीएनए) न घातलेल्या कोऱ्या नळीतही वाढ दिसणे या दोन तक्रारींची तयारी पूर्णपणे वेगळी असते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. लॅम्पमध्ये तयार होणारे डीएनए इतके विपुल असते की अभिक्रिया संपलेली एक नळी उघडली तरी सूक्ष्म थेंबांवाटे ते पिपेटच्या दांड्यात, हातमोज्यांवर आणि टेबलावर पोहोचते, आणि त्यानंतर कोऱ्या नळ्याही पॉझिटिव्ह येऊ लागतात. म्हणून मास्टर मिक्स (टेम्प्लेट सोडून बाकी घटकांचे सामाईक मिश्रण) बनवणे, टेम्प्लेट घालणे आणि निकाल तपासणे या तिन्ही कामांच्या जागा व पिपेट वेगळे ठेवावेत, फिल्टर असलेल्या टिपाच वापराव्यात, टेबल 10 टक्के ब्लीचने व नंतर पाण्याने पुसावे आणि झालेल्या नळ्या न उघडताच टाकून द्याव्यात. दूषित कुपी कोणती हे शोधण्यात दिवस घालवण्यापेक्षा पाणी, बफर आणि प्रायमर (प्रत बनवण्याची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) यांचे न उघडलेले अॅलिकॉट (आधीच वाटून ठेवलेले छोटे भाग) काढणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. डीयूटीपी (डीएनएच्या नेहमीच्या डीटीटीपी या घटकाऐवजी घालायचा युरॅसिलयुक्त घटक) आणि यूडीजी हे विकर यांची जोड उपयोगी आहे, मात्र यूडीजी युरॅसिल असलेलेच डीएनए कापते, त्यामुळे साध्या डीटीटीपीने पूर्वी झालेले प्रदूषण तिने जात नाही.

तरीही कोऱ्या नळीतली प्रत्येक वाढ म्हणजे प्रदूषण नव्हे. अशा तीन-चार नळ्या लावून वाढ कितव्या मिनिटाला सुरू होते ते नोंदवावे. ती खऱ्या नमुन्यांपेक्षा बरीच उशिरा येत असेल आणि मेल्ट कर्व्हही (तापवताना डीएनएच्या साखळ्या कोणत्या तापमानाला सुटतात त्याचा आलेख) त्यांच्याशी जुळत नसेल, तर प्रायमर एकमेकांना चिकटत असल्याचा संशय धरावा. अशा वेळी मिश्रण बर्फावर तयार करावे किंवा खोलीच्या तापमानाला निष्क्रिय राहणारे बीएसटी पॉलिमरेज (लॅम्पमध्ये डीएनएच्या प्रती बनवणारे विकर) वापरावे.

काहीच वाढत नसेल तर प्रायमरचा हिशेब प्रथम तपासावा. 100 मायक्रोमोलर साठ्यापासून दहापट तीव्रतेच्या मिश्रणाचे 100 मायक्रोलिटर करताना एफआयपी व बीआयपी (आतले प्रायमर) प्रत्येकी 16, एफ3 व बी3 (बाहेरचे) प्रत्येकी 2, दोन्ही लूप प्रायमर प्रत्येकी 4 आणि पाणी 56 मायक्रोलिटर लागते. 25 मायक्रोलिटरच्या अभिक्रियेत यातले 2.5 मायक्रोलिटर घातले की आतल्या प्रायमरांचे प्रमाण 1.6 आणि बाहेरच्यांचे 0.2 मायक्रोमोलर होते. हे दोन गट उलटे पडले की अभिक्रिया रेंगाळते किंवा होतच नाही. एफआयपी आणि बीआयपी लांब असल्यामुळे ते शुद्ध करून मागवलेले बरे.

तापमान यंत्राच्या पडद्यावर न वाचता पाणी भरलेल्या नळीत प्रोब बुडवून मोजावे. ते 60 ते 65 अंशांच्या दरम्यान असले पाहिजे. पीसीआरच्या (तापमान वरखाली करून डीएनएच्या प्रती बनवण्याच्या पद्धतीच्या) सवयीने सुरुवातीला 95 अंशांची पायरी ठेवली गेली असेल, तर बीएसटी तिथेच नष्ट झालेले असते.

फिनॉल रेडने (वाढ होताना सुटणाऱ्या प्रोटॉनमुळे गुलाबीचा पिवळा होणाऱ्या रंगसूचकाने) निकाल पाहणाऱ्यांनी नळ्या तापवण्याआधी त्यांचा रंग पाहून फोटो काढून ठेवावा. नमुना घालताच गुलाबी रंग पिवळा पडला तर नमुनाच आम्लधर्मी आहे, आणि डीएनए टीई बफरमध्ये असेल तर वाढ होऊनही रंग गुलाबीच राहू शकतो, कारण त्या बफरमधले ट्रिस सुटणारे प्रोटॉन शोषून घेते. त्यासाठी डीएनए पाण्यात काढावे.

शेवटी कंट्रोल ठरवावेत: एक खात्रीचे पॉझिटिव्ह, तेच पॉझिटिव्ह संशयित नमुन्यात मिसळलेले, आणि त्या नमुन्याचे दहापट पातळ केलेले रूप. मिसळलेले पॉझिटिव्ह वाढले नाही तर दोष नमुन्यातल्या अवरोधकाचा आहे, आणि पातळ केल्यावर वाढ दिसली तर त्याला दुजोराच मिळतो. मॅग्नेशियम, तापमान आणि प्रायमर एकाच दिवशी बदलू नयेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि कोऱ्या नळ्यांपैकी एक सर्वांत आधी व एक सर्वांत शेवटी बंद करावी, म्हणजे प्रदूषण मास्टर मिक्समध्ये होते की नमुने घालताना झाले ते उमगते.