बर्लिनला निघालेल्या कोल्हापूरच्या डेव्हलपरांसाठी

राजारामपुरीत नाहीतर शाहूपुरीत एखाद्या छोट्या ऑफिसात बसून तुम्ही परदेशी क्लायंटच्या साइट्स बनवत असाल आणि आता हातात जर्मन कंपनीचं ऑफर लेटर आलं असेल, तर निघेपर्यंतचे आठवडे रिअ‍ॅक्टचं नवं व्हर्जन शिकण्यात घालवू नका. ते तुम्हाला येतं, म्हणून तर नोकरी मिळाली. इथं माणूस अडतो तो कागदांवर, आणि कोडमधल्या अशा बारकाव्यांवर, जे आपल्याकडं सहसा कोणी विचारत नाही.

कागदांचं आधी. बऱ्याच जणांकडं मार्कशिटा आणि प्रोव्हिजनल एवढंच असतं. पदवीचं खरं प्रमाणपत्र विद्यापीठातून आणायचं राहूनच गेलेलं असतं. ते पहिल्यांदा काढा. मग जर्मनीच्या ‘अनाबिन’ या सरकारी यादीत विद्यापीठ आणि पदवी दोन्ही शोधून ती पानं छापून ठेवा. शोधताना कॉलेजचं नाव घालू नका, प्रमाणपत्र ज्यानं दिलंय ते विद्यापीठ घाला. पदवीच नसेल तरी दार बंद नाही. नोव्हेंबर २०२३ पासून आयटीवाल्यांना गेल्या ७ वर्षांतला ३ वर्षांचा कामाचा अनुभव दाखवून ब्लू कार्ड, म्हणजे कुशल परदेशी लोकांसाठीचा राहण्याचा आणि नोकरीचा परवाना, मिळू शकतं. मात्र अनुभवाची पत्रं नीट हवीत: काम काय केलं, कधीपासून कधीपर्यंत, सही-शिक्क्यासह. पगाराचीही अट आहे. २०२५ साली आयटीसाठी ती वर्षाला ४३,७५९.८० युरो होती, करकपातीच्या आधीची. हा आकडा दर जानेवारीला बदलतो, त्यामुळं मित्राच्या जुन्या मेसेजवर जाऊ नका.

व्हिसासाठी महाराष्ट्र मुंबईच्या जर्मन वकिलातीकडं येतो. आता अर्ज आधी ऑनलाइन भरायचा, कागद तपासून झाले की मग भेटीची वेळ. त्यामुळं महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट वेळ हातात आल्यावरच काढा. लग्न झालेलं असेल तर नोंदणीचा दाखलाही काढून ठेवा. हॉलची पावती आणि अल्बम इथं चालत नाहीत. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला येण्याआधी जर्मन परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्यावर नोकरीही करता येते. ही सवलत घरी सांगा, सासरच्यांचे निम्मे प्रश्न तिथंच संपतात.

इथं उतरल्यावर सगळं एका गोष्टीवर टांगलेलं असतं, ती म्हणजे पत्त्याची नोंद, ‘आनमेल्डुंग’. घरात राहायला आल्यापासून २ आठवड्यांत ती करायची, आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. नोंद झाली की कर क्रमांक पोस्टानं घरी येतो. तो वेळेत नसेल तर पगारातून कर जास्त कापला जाऊ शकतो. नंतर परत मिळतो, पण पहिल्या महिन्यात जीव कासावीस होतो. म्हणून तात्पुरतं घर घेताना भाड्याच्या आधी विचारा, की या पत्त्यावर नोंद करू देणार का? ‘नको, बघू नंतर’ असं उत्तर आलं तर घर कितीही स्वस्त असो, सोडा. घर न बघता डिपॉझिट पाठवायचं तर मुळीच नाही. कायद्यानं डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते ३ हप्त्यांत भरायचा हक्क तुम्हाला आहे. जाहिरातीत ‘काल्ट’ आणि ‘वार्म’ असे दोन आकडे असतात. पहिला नुसत्या जागेचा, दुसऱ्यात पाणी, हीटिंग वगैरे धरलेलं. वीज आणि इंटरनेट बहुधा वेगळंच. आणि हो, ‘स्वयंपाकघर आहे’ म्हणजे ओटा आहेच असं नाही. अनेक घरांत आधीचा भाडेकरू कपाटं, सिंक, शेगडी सगळं उचलून नेतो.

ऑफिसात पहिला धक्का लॅपटॉपचा बसतो. जर्मन कीबोर्डवर झेड आणि वायची अदलाबदल आहे. महिरपी कंस हवे असतील तर ऑल्ट-जीआर दाबून ७ आणि ०, चौकोनी हवे असतील तर ८ आणि ९. दिवसभर जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्याची बोटं रडतात. जॉइन होण्याआधी कंपनी यंत्राबद्दल विचारते तेव्हाच अमेरिकन मांडणीचा कीबोर्ड मागा, बहुतेक कंपन्या देतात.

खरी मेख कामाच्या आत आहे. जर्मन लोक हजारांना टिंब देतात आणि दशांशाला स्वल्पविराम: १.२३४,५६. हा आकडा तसाच पार्सफ्लोटला, म्हणजे मजकुरातून आकडा वाचणाऱ्या जावास्क्रिप्टच्या फंक्शनला, दिला तर तो स्वल्पविरामापाशी थांबतो आणि बाराशे युरोंचं बिल सव्वा युरोवर येतं. शब्दांचंही तसंच. वेगमर्यादेला ‘गेश्विंडिग्काइट्सबेग्रेन्झुंग’ म्हणतात; इंग्रजीत देखणं दिसणारं बटण हा शब्द आला की फाटतं. लांब शब्द आपोआप तुटावा म्हणून सीएसएसमध्ये हायफन्स ऑटो लावा, पण एचटीएमएलवर भाषा सांगणारं लँग अ‍ॅट्रिब्यूट बरोबर नसेल तर ते चालत नाही. फॉन्ट गूगलच्या सर्व्हरवरून थेट ओढू नका. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयानं त्यावरून एका साइटमालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली, कारण भेट देणाऱ्याचा आयपी पत्ता त्याच्या संमतीशिवाय बाहेर गेला होता. फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर ठेवायचे. २८ जून २०२५ पासून ऑनलाइन दुकानांना अपंगांसाठीच्या सुलभतेचा कायदाही लागू झालाय: कीबोर्डनं साइट चालली पाहिजे, रंगांत फरक दिसला पाहिजे, फॉर्मच्या खान्यांना लेबलं पाहिजेत. कोल्हापुरात असतानाच आपल्या एखाद्या जुन्या प्रोजेक्टवर हे सगळं करून बघा. माऊस बाजूला ठेवून नुसत्या टॅबनं ऑर्डर पूर्ण होते का, एवढं तपासलंत तरी इथल्या पहिल्या आठवड्यात तुम्ही टीमला उपयोगी पडता.

टीममधलं वागणंही वेगळं. कोड रिव्ह्यूत ‘हे चूक आहे, काढ’ असं कोरडं लिहिलेलं येईल. तो राग नसतो. दुपारी त्याच माणसाबरोबर जेवायला बसायचं. उलट तुम्ही ‘करतो की’ म्हणून एखादं तिकीट, म्हणजे नेमून दिलेलं काम, घेतलं आणि गुरुवारी सांगितलं की जमत नाही, तर मात्र ते मनावर घेतात. अडलं की त्याच दिवशी लिहा. रात्री जागून डिप्लॉय करायची आपली मर्दुमकी इथं कोणाला नको असते; एका दिवसाचं काम संपल्यापासून पुढचं सुरू होईपर्यंत सलग ११ तास विश्रांती हा कायदाच आहे. पहिले ६ महिने बहुधा प्रोबेशन असतं आणि त्यात २ आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते, त्यामुळं तेवढे दिवस गाडी-बिडी, मोठी कर्जं नकोत. आजारी पडलात तर रजा खर्च करू नका, आजारपण कळवा. नोकरीला ४ आठवडे झाले की एका दुखण्यासाठी ६ आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार कंपनीच देते.

बॅगेत काय भरायचं? कांदा-लसूण चटणी भरपूर आणा, दुहेरी पिशवीत, नाहीतर शर्टांना वर्षभर वास. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणायला बंदी आहे, तेव्हा आईनं कितीही आग्रह केला तरी पेढे, तूप आणि सुकं मटण घरीच. पांढऱ्या रश्शाला नारळाचं दूध इथल्या आशियाई दुकानात मिळतं. बँकेचं तेवढं विसरू नका: सहकारी बँकेतलं असो की स्टेट बँकेतलं, नेहमीचं बचत खातं निघाल्यावर एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्यावं लागतं. भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स इथं राहायला आल्यापासून ६ महिनेच चालतं.

मराठी माणसं भेटतील, गणपतीही बसतो. पण तेवढ्यातच राहू नका. पेठेत तालमीच्या फुटबॉल टीमसाठी गळा फाडलेल्यांना इथं फार सोपी वाट आहे: गल्लीतला फुटबॉल क्लब. वर्गणी बेताची, आणि शनिवारच्या सरावात जेवढं जर्मन कानावर पडतं तेवढं ऑफिसात पडत नाही, कारण ऑफिस इंग्रजीत चालतं. व्याकरणाला मात्र वर्ग लावावाच लागतो. ब्लू कार्डवर ए१ म्हणजे अगदी पहिल्या पातळीचं जर्मन असेल तर २७ महिन्यांनी कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो, बी१ म्हणजे मधल्या पातळीचं असेल तर २१ महिन्यांनी. सरकारी मदतीवर चालणाऱ्या ‘फोल्क्सहोखशूले’ या प्रौढशिक्षण केंद्रात संध्याकाळचे वर्ग स्वस्त असतात आणि लवकर भरतात, त्यामुळं पत्त्याची नोंद झाली की त्याच आठवड्यात तिथं नाव घाला.