बूम फवारणीला रेट कंट्रोलर बसवताना

माझा बूम, म्हणजे ट्रॅक्टरमागचा नोझल लावलेला आडवा दांडा, 10 मीटरचा, नोझल 20. शिरोळ तालुक्यातल्या काळ्या रानात सोयाबीन आणि उसाच्या लागणीवर मी भाड्यानं फवारणी करतो. चिखलात ट्रॅक्टरचा वेग पडला तरी एकरी पाणी तेवढंच पडावं, यासाठी कंट्रोलर. तो चाकाचा वेग आणि फ्लो मीटरमधलं पाणी बघतो आणि त्यानुसार मोटरचा वॉल्व्ह उघडतो-मिटतो. वायर किंवा आकडा चुकला, तर तीच चूक अख्ख्या रानभर पडते.

पहिल्या वर्षी मी कंट्रोलरचा प्लस हेडलाइटच्या वायरीतून आणि मायनस बॉडीवरून घेतला होता. एका संध्याकाळी लाइट लावली, व्होल्टेज पडलं, डिस्प्ले बंद होऊन पुन्हा चालू झाला. तेवढ्यात बूम बंद राहिला आणि माझ्या ध्यानात आलं नाही. पंधरवड्यानं सोयाबीनमध्ये तणाचा पट्टा उठून दिसला. भांगलणीची मजुरी मी भरून दिली, पण त्या शेतकऱ्याच्या पिकाचं व्हायचं ते नुकसान झालंच.

म्हणून लाल आणि काळी, दोन्ही वायरी थेट बॅटरीवर न्या. 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या. कोल्हापुरात उद्यमनगरात वायरीच्या टोकाला लग (बॅटरीवर कसायची तांब्याची कडी) दाबून मिळतात. लाल वायरीवर बॅटरीपासून वीतभरात फ्यूज टाका, पुस्तिकेत सांगितलाय तेवढ्याच अँपिअरचा. काम सुरू करताना आधी मायनस काढायचा. सगळं जोडल्यावर इंजिन आणि सगळे वॉल्व्ह चालू ठेवून मल्टिमीटर एकदा बॅटरीवर, एकदा डिस्प्लेच्या प्लगवर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर सांधा शोधा, तो बहुतेक ढिला किंवा गंजलेला असतो.

चाकाचे फेरे मोजणाऱ्या प्रॉक्सिमिटी सेन्सरला बहुतेक तीन वायरी असतात: तपकिरी प्लस, निळी मायनस, काळी सिग्नल. ही केबल अल्टरनेटरपासून लांबून न्या, नाहीतर वेगाचा आकडा उड्या मारतो. फ्लो मीटर फिल्टरच्या पुढं, म्हणजे पाणी गाळून आल्यावर, आणि बाण पाण्याच्या दिशेनं. बायपासची नळी मात्र मीटरच्या अलीकडंच फुटली पाहिजे, नाहीतर टाकीत परतणारं पाणीही मोजलं जातं.

आता सेटिंग. टाकीत साधं पाणी भरा, औषध नको. सगळ्यात जास्त माणसं फसतात ती वॉल्व्हच्या दिशेला. हातानं प्लस बटण दाबा. बूमचं प्रेशर वाढलं पाहिजे. कमी झालं तर मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करा. हे राहिलं तर कंट्रोलर पाणी कमी पडतंय म्हणून वॉल्व्ह आणखी मिटत जातो.

फ्लो मीटरसाठी बूमची नळी काढून 200 लिटरच्या बॅरलमध्ये सोडा. बॅरल खुणेपर्यंत भरलं आणि डिस्प्लेवर 190 दिसले, तर जुन्या पल्स आकड्याला (डिस्प्लेत भरलेला, मीटरच्या ठोक्यांचा आकडा) 190 नं गुणून 200 नं भागा. 600 चे 570 होतात.

चाकाचं माप रानातच घ्या, टाकी अर्धी भरून. डांबरी रस्त्यावर घेतलेलं माप भुसभुशीत रानात चुकतं. 100 मीटर टेप टाका, खुंट्या ठोका, तेवढं चालवा आणि डिस्प्लेवरचं अंतर 100 येईपर्यंत आकडा दुरुस्त करा.

त्याच खुंट्यांवर शेवटची परीक्षा. पीटीओ (पंप फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट) मिनिटाला 540 फेऱ्यांवर ठेवून 5 किमी वेगानं गेलात तर 72 सेकंद लागतात, आणि 10 मीटरच्या बूमखाली जवळपास 10 गुंठे येतात. एकरी 150 लिटर लावलं असेल तर 37 लिटर पाणी जायला हवं. म्हणजे मिनिटाला 31 लिटर, नोझलमागं दीड लिटरच्या वर थोडं. लाल रंगाचं 04 नोझल 3 बारला साधारण 1.6 लिटर देतं, ते इथं बसतं. निळं 03 लावलं तर प्रेशर 5 बारच्या आसपास जातं, धुकं होतं आणि वाऱ्यानं औषध शेजारच्या भाजीवर जातं.

टाकी खुणेपर्यंत भरून घ्या, खुंटीपासून खुंटीपर्यंत फवारा, परत त्याच जागी ट्रॅक्टर उभा करा आणि मोजून पाणी ओता. डिस्प्ले काहीही म्हणो, 37 लिटर ओतल्यावर पाणी खुणेला लागलं तरच औषध काढा.